आज्ञा आणि पोच

(मंडळाच्या सहलीप्रसंगी १४ जानेवारी रोजी काला अंब येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पहाटे दिल्लीहून आपल्या दोन बसगाड्या निघाल्या तेव्हा धुके इतके दाट होते, की पुढच्या गाडीचा तांबडा दिवासुद्धा दिसत नव्हता. मुरथळपर्यंत आपण अक्षरशः चाचपडत आलो. आता दहा वाजून गेल्यावर सूर्यनारायणाने दर्शन दिले आहे आणि हा स्तंभ, हे आवार व भोवतालची शेते डोळ्यांना दिसू लागली आहेत. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार; म्हणजे १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी या परिसरात काय घडले, हे मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. येथल्या आंब्याची पाने रक्ताने काळी पडली, अशी लोकांची श्रद्धा. त्यावरून या जागेला काला अंब म्हणतात.

अशा जागी आम्ही बोलावयाचा विषय जाहीर झाला आहे तो ‘घरातील एक संगणक आणि अनेक अवरक्त दूरनियंत्रक’ असा. पत्रिका वाचून आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी काल दूरध्वनी केला आणि विचारले, “अहो, पानिपताला जाऊन तुम्ही टीव्हीच्या रिमोटवर बोलणार?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही केंद्र सरकारचे नोकर, इतिहास घेऊन बी. ए. झालेले, वीजशास्त्राशी आमचा संबंध फ्यूज बांधण्यापलीकडे कधी आला नाही. परंतु चिटणिसांचा आग्रह असा, की गेल्या दोन उन्हाळ्यांत आमच्या घरी जे घडले ते मंडळाच्या सभासदांना सांगावे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत आणि दिवसभर घराला कुलूप किंवा केवळ कडी असते. म्हणून हे धाडस. या जागेशी विषयाचा संबंध काय, तो ओघात येईल. न आल्यास आपण तिळगूळ देऊन आम्हांस क्षमा करावी.

आमच्या वडिलांना घरी सारे अण्णा म्हणतात. अण्णा डाक-तार खात्यात तारमास्तर होते. कडकट्ट करणाऱ्या यंत्रापुढे त्यांची उमेदीची वर्षे गेली. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली त्या दिवशी ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांनी सकाळचा चहा घेतला नव्हता. चार वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा जवळजवळ गेली. बुद्धी मात्र शाबूत राहिली, आणि हेच त्यांच्या दुःखाचे मूळ आहे.

आमचे निवासस्थान सरकारी. सौ. शाळेत, आम्ही कार्यालयात. कामाची बाई दुपारी दोनपर्यंत असते. दिल्लीचा जून महिना आपणांस ठाऊक आहे. अण्णांच्या खोलीत वातानुकूलक बसविला, पण वीज जाऊन परत आली की तो आपोआप सुरू होत नसे. रिमोटचे बटण दाबावे लागे. डाव्या हातातून रिमोट निसटून पलंगाखाली गेला की झाले! एकदा सौ. घरी आल्या तेव्हा अण्णा उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत घामाने निथळत पडले होते आणि रिमोट त्यांच्यापासून दीड हातावर जमिनीवर होता. त्या रात्री आम्ही पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

आता थोडे शास्त्र. इतिहासाचा विद्यार्थी शास्त्राकडेही इतिहासाच्या वाटेनेच जातो, हे चालवून घ्यावे. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. तोच अवरक्त प्रकाश. त्याला घरकामाला जुंपण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली विजेरीसारखे एक साधन काढले. तिचा झोत दूरचित्रवाणी संचाच्या चार कोपऱ्यांवर टाकून संच चालू-बंद करता येई. अडचण एवढीच, की खिडकीतून ऊन आले तरी संच आज्ञा पाळू लागे! पुढल्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा उपाय काढला. हातातल्या साधनात ॲल्युमिनियमच्या कांड्या आणि त्यांवर आपटणाऱ्या चिमुकल्या हातोड्या. बॅटरीची गरजच नाही. तो प्रकार सुमारे पाव शतक चालला, आणि मग आजचा अवरक्त रिमोट आला.

ऊन पडले तरी आजचा रिमोट फसत नाही, याची युक्ती मोठी सुंदर आहे. रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा नुसता पेटत नाही. तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. समोरच्या यंत्रातील ग्राहक त्या एका लयीखेरीज इतर सर्व प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. बाजारात शंभर माणसे ओरडत असताना आईला आपल्याच मुलाची हाक ऐकू यावी, तसे. या लुकलुकीचे तुकडे पाडून संदेश बनतो. प्रथम ९ मिलिसेकंदांचा एक लांब झोत, म्हणजे ‘सावधान’. मग साडेचार मिलिसेकंद शांतता. मग ३२ अक्षरे, प्रत्येक एक तर शून्य किंवा एक. झोत सारे सारख्याच लांबीचे. मधली शांतता आखूड असली तर शून्य, लांब असली तर एक. सगळा संदेश सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात संपतो. त्यात आधी पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून, नंतर आज्ञा आणि मग तीच आज्ञा उलटी करून पाठवितात. सरळ आणि उलट जुळले नाहीत तर समोरचे यंत्र गप्प बसते. ही एक प्रचलित पद्धत झाली. कंपन्यागणिक पद्धती निरनिराळ्या आहेत. फिलिप्सच्या एका जुन्या पद्धतीत चौदाच अक्षरे असतात, आणि त्यांत बत्तीस यंत्रांचे पत्ते व प्रत्येकास चौसष्ट आज्ञा मावतात.

भाच्याने हे सारे अण्णांच्या पलंगाशी बसून आम्हांस समजावून दिले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. ‘आज्ञा उलट करून पुन्हा पाठवितात’ हे वाक्य आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि डाव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या कठड्यावर काही टकटक केली. कडकट्टची भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नाही. पण आमची खात्री आहे, की तारेतले आकडे चुकू नयेत म्हणून ते पुन्हा पाठवीत, तेच ते सांगत होते.

भाच्याची योजना अशी. घरात एक जुना संगणक पडून होता. मुलीने पदवी घेतल्यावर त्यावर धूळच बसत होती. त्यात लिनक्स प्रणाली घालून तो मधल्या खोलीत अहोरात्र चालू ठेवावयाचा. त्याला तीन अवरक्त दूत जोडावयाचे. दूत म्हणण्याचे कारण, हे साधन ऐकतेही आणि बोलतेही: कोणत्याही रिमोटचा संदेश ऐकून तो लक्षात ठेवते आणि सांगितल्यावर जसाच्या तसा उच्चारते. तीन अशासाठी, की अवरक्त प्रकाश भिंतीतून जात नाही. जेथून यंत्र दिसते तेथूनच त्याला आज्ञा देता येते. म्हणून एक दूत बैठकीत, एक आमच्या खोलीत आणि एक अण्णांच्या खोलीत. सेनापती मात्र एकच.

अनेकांना वाटते की एकच जोरदार दूत घराच्या मध्यभागी ठेवला तर काम भागेल. ते होत नाही, आणि झाले तरी नको. आमच्याकडे बैठकीतला व अण्णांच्या खोलीतला वातानुकूलक एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे. दोघांचा पत्ता एक, भाषा एक. कारखान्याने त्यांत भेद ठेवलेला नाही. भेद आहे तो फक्त भिंतीचा. दार उघडे असले की बैठकीतल्या दूताची आज्ञा पांढऱ्या छतावरून परावर्तित होऊन अण्णांच्या खोलीत जाई आणि रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सोळा अंशांचा वारा सुटे. शेवटी बैठकीतल्या दूताचा दिवा वातानुकूलकाच्या खिडकीवरच चिकटपट्टीने डकवून टाकला. म्हणजे त्याचे बोलणे कानात सांगितल्यासारखे झाले.

जुळवाजुळवीच्या इतर खटपटी सांगत बसत नाही; दोनच सांगतो, कारण त्या पैसे वाया घालवितात. यूएसबीची साधी तार पाच मीटरपलीकडे भरवशाची नसते. अण्णांची खोली त्याहून दूर, म्हणून मध्ये शक्तिवर्धक असलेली तार लागली. आणि तिन्ही दूतांना संगणकाच्या अंगातून वीज न देता स्वतंत्र वीज असलेल्या हबमधून द्यावी. दुसरे असे, की लुकलुकीची मोजदाद संगणकाकडून करून घेणारी फार स्वस्त साधने घेऊ नयेत. संगणक दुसऱ्या कामात गुंतला की ताल चुकतो आणि समोरचे यंत्र ढिम्म हलत नाही. ज्या दूतात स्वतःचा छोटा मेंदू असतो तो ताल सांभाळतो. लाजपतराय मार्केटात दोन्ही प्रकार मिळतात आणि दुकानदाराला विचारल्यास तो दोन्ही उत्तम असल्याचे सांगतो.

दूत ऐकतात, याचा उपयोग अण्णांसाठी झाला. जुन्या संचाचा एक रिमोट घेऊन सौ.नी त्यावरची चार बटणे सोडून बाकी सारी पट्टीने झाकली आणि तो डाव्या हाताशी दोरीने बांधला. आता तो निसटला तरी पलंगाखाली जात नाही. पहिले बटण गारव्याचे, दुसरे पंख्याचे, तिसरे दिव्याचे; चौथे दाबले की आमच्या आणि सौ.च्या भ्रमणध्वनीवर घंटा वाजते. गंमत अशी, की अण्णांना चाकाच्या खुर्चीतून बैठकीत आणले म्हणजे तेच पहिले बटण बैठकीतला गारवा सुरू करते. कारण कोणत्या दूताने ऐकले यावरून अण्णा कोठे आहेत हे संगणकाला कळते. दार उघडे असता दोन दूतांनी एकदमच ऐकले तर काय, हा प्रश्न आला. भाच्याने नियम घातला की पहिल्याचे ऐकावे आणि अर्ध्या सेकंदात आलेले दुसरे सोडून द्यावे. तसेच एक दूत बोलत असताना त्याने स्वतःचे कान बंद ठेवावेत; नाही तर आपलीच आज्ञा ऐकून तो ती नवी म्हणून कळवितो.

आम्ही कार्यालयात बसून भ्रमणध्वनीवर ‘अण्णांची खोली, गारवा, २६ अंश’ असे दाबीत असू आणि पडद्यावर अक्षरे उमटत: ‘आज्ञा पाठविली’. आम्हांस मोठा अभिमान वाटे. सहकाऱ्यांना बोलावून आम्ही तो चमत्कार दाखवीत असू. तो अभिमान आम्हांस पुढे फार महाग पडला.

गेल्याच्या गेल्या जूनमधील एक दुपार. पारा चव्वेचाळीसवर. तीनच्या सुमारास आमच्या वसाहतीतील वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. सौ.ना त्या दिवशी शाळेत उशीर होणार होता. वीज आल्याचा संदेश पाहताच आम्ही अण्णांच्या खोलीला आज्ञा दिली. पडद्यावर आले: ‘आज्ञा पाठविली’. आम्ही एका बैठकीला गेलो. चार वाजता मनाच्या समाधानासाठी पुन्हा दाबले. पुन्हा तेच उत्तर.

सौ. साडेपाचला घरी पोचल्या. बैठकीत पाऊल टाकताच त्यांना हुडहुडी भरली. रिकाम्या बैठकीत वातानुकूलक दोन तास भरधाव चालू होता. अण्णांच्या खोलीचे दार आणि खिडक्या लू आत येऊ नये म्हणून बंद. आत पंखा भट्टीतला वारा ढवळत होता. अण्णांची जीभ कोरडी पडली होती आणि त्यांची दृष्टी कोठेच लागत नव्हती. दोन दिवस ते रुग्णालयात होते. त्यांच्या हाताशी बांधलेला रिमोट त्यांनी दाबला होता का? दाबलाच असणार. नंतर संगणकातील नोंद पाहिली. तिच्यात पहिल्या बटणाची आज्ञा तेरा वेळा होती आणि चौथ्याची एकदाही नाही. मुलाच्या कामात व्यत्यय नको, हा त्यांचा स्वभाव. तेरा वेळा त्यांनी गारवा मागितला आणि तेरा वेळा संगणकाने तो बैठकीला दिला.

असे का झाले? भाच्याने फोनवरच ओळखले. “मामा, वीज गेल्यावर संगणक परत सुरू झाला ना? मग तिघांची नावं बदलली असणार.” संगणक उठताच जो दूत प्रथम दिसेल त्याला शून्य, नंतरच्याला एक, मग दोन अशी नावे देतो. लांब तारेवरचा दूत दर वेळी शेवटी दिसे, म्हणून तो ‘दोन’. आमच्या यादीत ‘दोन म्हणजे अण्णा’. त्या दुपारी कोणत्या कारणाने कोण जाणे, तो आधी दिसला आणि बैठकीतला शेवटी. चाकरांना हजर होण्याच्या क्रमाने नावे देणारा हा धनी! आणि आमची चूक त्याहून मोठी: क्रम म्हणजे ओळख, असे आम्ही गृहीत धरले.

उपाय सोपा निघाला. संगणकाला असा नियम घालून देता येतो, की क्रमाने नाव न ठेवता साधनाच्या अंगावरील क्रमांकावरून किंवा ते ज्या खाचेत खोवले आहे त्या खाचेवरून ठेव. आमचे तिन्ही दूत एकाच साच्यातले, अंगावर निराळा क्रमांक नाही, म्हणून खाचेवरून. सौ.नी तिन्ही तारांना व तिन्ही खाचांना तीन रंगांचे दोरे बांधले. अण्णांचा दोरा केशरी. कोणीही तार उपसली तरी परत कोठे लावायची यात आता घोटाळा होत नाही. संगणक आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

एवढ्याने काम संपले असे आम्हांस वाटले. ते संपले नाही, हे अण्णांनी दाखवून दिले. रुग्णालयातून आल्यावर चार दिवसांनी भाचा स्वतः दिल्लीस आला. त्याने केलेला बदल तो अण्णांना सांगत होता: आता आज्ञा चुकीच्या खोलीत जाणार नाही, अण्णा. अण्णांनी मान हलविली. संमतीची नव्हे, नकाराची. भाच्याने पुन्हा सांगितले, पुन्हा नकार. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पाच मिनिटे ही झटापट चालली. मग फार कष्टाने एक शब्द आला: “पोच.”

तारमास्तराचा शब्द होता तो. तार पाठविली, एवढ्याने तार संपत नाही. पलीकडच्या टोकाने मिळाली म्हणावे लागते. आमच्या पडद्यावर ‘आज्ञा पाठविली’ असे येत होते, ते खोटे नव्हते. संगणकाने खरोखरच पाठविली होती. पोचली असे त्याने कधी म्हटलेच नव्हते. ते आम्ही आमच्या मनाने वाचले. घरगुती अवरक्त रिमोट बोलतो, पण बहुधा समोरचे यंत्र उलट बोलत नाही. हातात रिमोट धरणारा माणूस समोर दिवा लागला की नाही हे डोळ्यांनी पाहतो, म्हणून शतकाचा तिसरा हिस्सा कोणाला ही उणीव जाणवली नाही. माणसाच्या जागी संगणक बसविला, आणि डोळे तेवढे गेले.

मित्रहो, येथे आम्हांस हे मैदान आठवते. इतिहासाला रिमोटच्या चिमट्यात पकडण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. पानिपतची कारणे अनेक आहेत आणि त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या अभ्यासकांनी त्यांचा ऊहापोह केला आहे. उपासमार होती, यमुना ओलांडून अब्दाली दिल्लीची वाट अडवून बसला होता, अडीच महिने रसद आणि बातमी दोन्ही तुटली होती. तरीही त्या दिवशीच्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा डाव्या बाजूला रोहिल्यांची कत्तल करीत असता विंचूरकर आणि गायकवाड यांची घोडदळे त्यांच्याच पुढ्यात घुसली आणि आपल्याच माणसांमुळे तोफा थंडावल्या. जागा सोडू नये, ही योजना ठरलेली होती. ती सर्वांना पोचली होती काय, आणि पोचली तर पटली होती काय? दुसरी गोष्ट दुपारची. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. शौर्याच्या दृष्टीने ते अलौकिकच. पण त्या काळी हत्तीवरचा सेनापती हाच सैन्याचा एकमेव संदेश होता. जो दिसतो तोवर आज्ञा आहे. रिकामी अंबारी दिसताच हजारोंनी आपापल्या मनाने तिचा अर्थ लावला. अब्दाली मात्र फळीच्या मागे राहून बातमी घेत होता, पळणाऱ्यांना नसकची पाठवून माघारी फिरवीत होता आणि राखीव दळे जेथे हवी तेथे लोटीत होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने हे सारे लिहून ठेवले आहे. पुढे पेशव्यांना बातमी कळली तीही सावकारी पत्रातल्या सांकेतिक भाषेत, मोती आणि मोहरांच्या हिशोबाने. संकेत जाणणाऱ्याला तो संदेश तत्क्षणी कळला. तो तेवढा पोचला.

असो. आम्ही पोचेकडे परत येतो.

भाच्याने अण्णांच्या पलंगाच्या डोक्याशी एक इवलासा तापमापक बसविला व त्याची तार संगणकाला जोडली. आता आज्ञा दिल्यावर पडद्यावर ‘पाठविली’ येते, पण पिवळ्या अक्षरांत. दहा मिनिटांत खोलीचे तापमान एका अंशाने उतरले, तरच अक्षरे हिरवी होतात आणि ‘पोच’ असा शब्द उमटतो. तो शब्द आम्ही हट्टाने घालावयास लावला. उतरले नाही तर संगणक आज्ञा पुन्हा देतो. तीनदा देऊनही पोच नसेल तर आमच्या, सौ.च्या आणि शेजारच्या कुटुंबाच्या भ्रमणध्वनीवर घंटा वाजते. शेजाऱ्यांकडे आता आमची किल्ली असते. ही गोष्ट वास्तविक पहिल्याच दिवशी करावयास हवी होती आणि तिला एक पैसाही लागत नाही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. वातानुकूलकाचा रिमोट दर वेळी संपूर्ण स्थिती सांगतो: चालू, २६ अंश, पंखा मध्यम. ती आज्ञा दहा वेळा दिली तरी बिघडत नाही. टीव्हीच्या बहुतेक रिमोटांचे मुख्य बटण मात्र नुसते ‘बदल’ म्हणते; चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. ते दोनदा दिले तर पहिले केले न केले सारखे! म्हणून जेथे पोच नाही तेथे अशी बदलाची आज्ञा संगणकाकडून पुन्हापुन्हा देववू नये. आमच्याकडे अण्णांच्या पंख्याला आणि दिव्याला असेच बटण होते. ती दोन्ही नियंत्रके बदलून ‘चालू’ला एक व ‘बंद’ला दुसरी आज्ञा असलेली घेतली. आणि दूत बोलतो की नाही हे पाहावयाचे असेल, तर भ्रमणध्वनीचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. डोळ्यांना न दिसणारा तो दिवा बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट लुकलुकताना दिसतो. हर्शेलला तापमापक लागला होता. आपल्याला खिशातले यंत्र पुरते.

गेल्या उन्हाळ्यात वीज कितीदा गेली त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी पोच आली. गणपतीत मात्र एकदा आली नाही. दुपारी पावणेतीनला कार्यालयात आमची घंटा वाजली, त्याच क्षणी शाळेत सौ.ची. शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन धावल्या. अण्णा स्वस्थ होते, खोली मात्र तापू लागली होती. वहिनींनी कपाटावरच्या दूताकडे पाहिले. सकाळी गणपतीच्या तसबिरीला घातलेला झेंडूचा हार घसरून नेमका त्याच्या तोंडासमोर लोंबत होता. त्यांनी हार सरळ केला, संगणकाची चौथी आज्ञा गेली, आणि आमच्या हातातल्या पडद्यावर अक्षरे हिरवी झाली.

वहिनींनी नंतर सांगितले, की त्या दाराबाहेर पडत असता अण्णांनी डाव्या बोटाने कठड्यावर काही वाजविले. आम्ही अलीकडे ती भाषा शिकू लागलो आहोत. रात्री जेवणानंतर अर्धा तास अण्णा शिकवितात; आमची गती मंद आहे आणि मास्तर कडक आहेत. अजून आकडे व्हावयाचे आहेत.